भेटींची अदलाबदल : तिची रीत आणि तिचें मर्म

नाताळची सुटी जवळ आली म्हणजे वर्गावर्गांतून एक प्रकारची कुजबूज सुरू होते. चिठ्ठ्या टाकल्या जातात. कोणास कोणाचें नांव आलें हें लपविण्याची खटपट चालते. आणि अखेरच्या दिवशीं सर्वांनीं एकत्र बसून एकेक पुडकें उघडावयाचें असतें. या खेळास ‘सीक्रेट सांता’ या इंग्रजी नांवानें सर्वजण ओळखतात. हल्लीं तो शाळांतच नव्हे, तर कचेऱ्यांतून, वसतिगृहांतून व मित्रमंडळींच्या घरगुती मेळाव्यांतूनही खेळला जातो. खेळ वरवर सोपा दिसतो. परंतु तो नीट आंखून न केल्यास ज्या स्नेहासाठीं तो मांडावयाचा, त्या स्नेहासच त्यापासून इजा पोहोंचते. म्हणून हा प्रघात कोठून आला, त्याचे नियम काय असावेत, आणि त्यांत एखादा ‘विषय’ ठरवून घेण्याचें एवढें महत्त्व कां, याचा थोडा विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा, असा आमचा हेतु आहे.

प्रथम साधें गणित पाहूं. बारा मित्रांचा मेळा आहे असें समजा. प्रत्येकानें इतर प्रत्येकास भेट द्यावयाची म्हटलें, तर एकेकास ११ भेटी आणाव्या लागतील आणि एकंदर १३२ पुडकीं जमतील. दर भेट अवघी २० रुपयांची धरली, तरी प्रत्येकाचा खर्च २२० रुपये होतो; आणि इतकें करून पदरांत पडतात त्या अकरा क्षुल्लक वस्तू, ज्यांतील कोणतीही विचार करून निवडलेली नसते. उलट चिठ्ठ्या टाकल्या म्हणजे प्रत्येकास एकच भेट आणावयाची व एकच मिळावयाची. पुडकीं बाराच, खर्च निम्म्याहून कमी, आणि एकाच मित्राविषयीं पंधरा दिवस विचार करावयास सवड. या खेळाचा पहिला लाभ तो हाच.

एकमेकांस कांहीं देण्याची चाल आम्हां मराठी लोकांस नवी नाहीं. दसऱ्याच्या दिवशीं आपट्याचें पान ‘सोनें’ म्हणून दिलें-घेतलें जातें. संक्रांतीस तिळगूळ हातावर ठेवून गोड बोलण्याची आठवण दिली जाते. या दोन्ही चालींतील एक मर्म पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. काय द्यावयाचें हें तेथें रूढीनेंच ठरवून टाकलेलें आहे. धनिकाचें आपट्याचें पान गरिबाच्या पानाहून मोठें नसतें, आणि सोनें देतांना कोणी कोणाच्या हाताकडे हिशेबी नजरेनें पाहत नाहीं. जी वस्तु सर्वांच्या आवाक्यांतील, तीच सर्वांनीं द्यावयाची, हा नियम आपल्या पूर्वजांनीं न लिहितां पाळला. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर दसऱ्याच्या देवाणघेवाणीचा ‘विषय’ आपट्याचें पान हा आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या दानविषयक निबंधांत असें दाखविलें कीं, अनेक समाजांत देणें, स्वीकारणें आणि परत फेडणें या तिन्ही गोष्टी कर्तव्यासारख्या मानल्या जातात. भेट ही नुसती वस्तु नसते. तिजबरोबर एक अदृश्य ऋणही येतें. लग्नकार्यांत आलेल्या आहेराची यादी जपून ठेवणाऱ्या आमच्या गृहिणींस हें सत्य मोसच्या आधींपासून ठाऊक आहे! परंतु मित्रामित्रांत हें ऋण जड होऊं लागलें कीं स्नेहाचा व्यवहार बनतो. ‘त्यानें मला इतक्याचें दिलें, आतां मीं त्याला तितक्याचें दिलें पाहिजे,’ हा हिशेब मोडावयाचा असेल, तर ज्यास द्यावयाचें त्याजकडून घ्यावयाचें नाहीं, आणि ज्याजकडून घ्यावयाचें त्याचें नांव आधीं कळूं द्यावयाचें नाहीं, हा उत्तम उपाय होय. गुप्त भेटीचा खेळ नेमकें हेंच साधतो.

ही गुप्ततेची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकांत, हल्लींच्या तुर्कस्तानांतील मायरा या गांवीं, निकोलस नांवाचे बिशप होऊन गेले. परंपरेनें चालत आलेली कथा अशी कीं, एका निर्धन गृहस्थास तीन मुली होत्या व हुंड्यावांचून त्यांचीं लग्नें अडलीं होतीं. हें समजतांच निकोलस यांनीं रात्रीच्या वेळीं, कोणाच्या दृष्टीस न पडतां, खिडकींतून सोन्याच्या थैल्या त्या घरांत टाकल्या. त्या गृहस्थास मान खालीं घालावी लागूं नये, म्हणून रात्रीची वेळ निवडली, असें कथा सांगते. पुढें हॉलंडांत याच संताचें नांव ‘सिंटरक्लास’ असें झालें, आणि त्यावरूनच अमेरिकेंत ‘सांता क्लॉज’ हा शब्द रूढ झाला. म्हणजे या खेळाच्या नांवांतच ही गोष्ट दडलेली आहे कीं, देणाऱ्यानें आपलें तोंड लपवावें तें घेणाऱ्याचा मान राखण्यासाठीं. केवळ गंमतीसाठीं नव्हे.

निरनिराळ्या देशांत या प्रघातास निरनिराळें रूप आलें आहे, आणि त्यांतील चांगल्या गोष्टी उचलण्यास आपणांस कांहींच हरकत नाहीं. हॉलंडांत ५ डिसेंबरच्या संध्याकाळीं घरचीं माणसें व मित्र जमतात. त्यांनीं आधींच चिठ्ठ्या टाकलेल्या असतात. भेट अशा कांहीं विचित्र वेष्टनांत दडवितात कीं, ती शोधतांना सर्वांची करमणूक व्हावी. आणि तिजबरोबर घेणाऱ्यावर रचलेली एक लहानशी कविता असते. ती त्यानें सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचावयाची. कवितेखालीं कवीचें नांव नसतें, सही सिंटरक्लासची! स्वीडनमध्यें पूर्वीं लोक दार ठोठावून भेट आंत फेकीत व ओळखले जाण्यापूर्वीं पळून जात. तेथें नाताळच्या भेटीस जो ‘यूलक्लॅप’ हा शब्द आहे, त्यांत हा दारावरील ठोठावण्याचाच ध्वनि आहे. ब्राझील देशांत या खेळास ‘गुप्त मित्र’ अशा अर्थाचें नांव असून, भेट देणारा उभा राहून आपल्या मित्राचें वर्णन करतो, आणि तो कोण हें बाकीच्यांनीं ओळखावयाचें असतें. केरळांतील पुष्कळ शाळा-महाविद्यालयांतही हा खेळ ‘ख्रिसमस फ्रेंड’ या नांवानें खेळला जातो.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. ‘विषय ठरविणें’ म्हणजे काय, याचें सुंदर उदाहरण फिलिपाइन्स बेटांत सांपडतें. तेथें नाताळपूर्वींच्या आठवड्यांत ‘क्रिस क्रिंगल’ नांवाचा खेळ चालतो, आणि दर खेपेस एकेक विशेषण जाहीर करतात. कधीं ‘कांहीं तरी मऊ’, कधीं ‘कांहीं तरी लांब’, कधीं ‘कांहीं तरी हिरवें’. भेट त्या विशेषणास धरून असली म्हणजे झालें. लांब म्हणून कोणी नाडी आणील, कोणी पट्टी आणील, कोणी शेवग्याची शेंग! येथें जिंकतो तो पैशानें नव्हे, तर कल्पकतेनें. हेंच विषयाचें खरें कार्य होय. विषय म्हणजे समारंभाची शोभा, असें समजणें चुकीचें आहे. जेथें विषय नसतो तेथें वस्तूंची तुलना किंमतीनेंच होते, कारण दुसरें मापच उपलब्ध नसतें. विषय दिला कीं दुसरें माप मिळतें. ‘कितीची आणली?’ या प्रश्नाच्या जागीं ‘हें सुचलें कसें?’ हा प्रश्न येतो.

असें न झाल्यास काय होतें, याचा एक प्रसंग आमच्या पाहण्यांत आहे. एका शाळेंत विषय न ठरवितां, रकमेची मर्यादा न घालतां, असा समारंभ झाला. एका मुलानें यंत्रावर चालणारी महागडी मोटार आणली. दुसऱ्यानें स्वतःची कंपासपेटी पुसून, स्वच्छ करून, वर्तमानपत्रांत बांधून आणली. पुडकीं उघडतांच वर्गांत जें हांसें झालें, तें फार वेळ टिकलें नाहीं. पण पुरेसें टिकलें. कंपासपेटी आणणारा मुलगा पुढील दोन दिवस शाळेंत आला नाहीं. आणि तिसऱ्या दिवशीं आला तेव्हां भूमितीच्या तासास त्याजपाशीं कंपासपेटी नव्हती. त्यानें जी वस्तु दिली होती, ती त्याच्या गरजेची होती, हें तेव्हां सर्वांच्या लक्षांत आलें. पुढल्या वर्षीं त्याच वर्गास ‘स्वतःच्या हातानें केलेली वस्तु’ हा विषय दिला गेला. सर्व भेटी एका बांकावर ओळीनें मांडल्या, तेव्हां कोणती कोणाच्या घरची हें कोणासही सांगतां येईना.

विषय निवडतांना चार कसोट्या लावाव्या, असें आम्ही सुचवितों. पहिली कसोटी ही कीं, वर्गांतील सर्वांत गरीब घरासही तो विषय कोणापुढें हात न पसरतां पुरा करतां आला पाहिजे. दुसरी ही कीं, त्यांत कोणाच्या रूपावर, शरीरावर, खाण्यापिण्यावर, जातीवर वा धर्मावर बोट ठेवण्यास वाव नसावा. तिसरी, विषय इतका अरुंद नसावा कीं बाराही जणांनीं एकच वस्तु आणावी, आणि इतका सैलही नसावा कीं तो असून नसल्यासारखा व्हावा. ‘निळी पेन्सिल’ हा विषय फार अरुंद. ‘उपयुक्त वस्तु’ हा फार सैल. ‘कांहीं तरी निळें’ हा बेताचा. चौथी कसोटी, भेट दुसऱ्या दिवशीं केरांत जाणारी नसावी.

या कसोट्यांस उतरणारे कांहीं विषय येथें देतों. ‘वाढणारी वस्तु’ हा एक. कोरफडीचें रोप, तुळशीची मंजिरी, मिरचीचें बीं, मातीच्या कुंडींतील पुदिना यांपैकीं कांहींही चालेल; फार काय, पानफुटीचें नुसतें एक पान दिलें तरी पुरे, कारण त्या पानाच्या कडांवरून नवीं रोपें फुटतात, आणि तो चमत्कार पाहण्यांत घेणाऱ्याचे कांहीं आठवडे मजेंत जातात. ‘आपल्या गांवची वस्तु’ हा दुसरा. शहरांतील वर्गांत नाना ठिकाणचीं मुलें असतात. कोणी कोंकणांतील आमसुलें आणील, कोणी कोल्हापूरचा गूळ, कोणी सोलापूरची शेंगदाण्याची चटणी, कोणी नाशिककडील बेदाणे, कोणी सावंतवाडीचें लांकडी खेळणें. भेटीबरोबर गांवाविषयीं चार ओळी लिहून दिल्या, तर भूगोलाचा एक तास सहज साधतो. मात्र शेंगदाण्यासारखे पदार्थ कांहीं मुलांच्या प्रकृतीस अपायकारक असतात; यास्तव खाण्याची वस्तु द्यावयाची असल्यास आधीं चौकशी करणें अगत्याचें आहे. ‘दुरुस्त केलेली वस्तु’ हा तिसरा विषय प्रौढ मुलांस फार शोभतो. बंद पडलेलें घड्याळ, फाटकी पिशवी, तुटलेला पाट, यांस पुन्हां कामास लावून दिल्यास भेटींत श्रम व कौशल्य दोन्ही येतात.

परंतु सर्वांत उत्तम विषय आम्हांस विचाराल, तर ‘पुस्तक’ हाच होय. या बाबतींत आइसलंड या लहानशा देशाचें उदाहरण घेण्यासारखें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तेथें परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्या मानानें कागदावरील निर्बंध सौम्य होते. भेट देण्यास दुसरें फारसें कांहीं मिळत नसल्यामुळें लोक एकमेकांस पुस्तकें देऊं लागले. १९४४ सालापासून तेथील पुस्तकव्यवसायानें वर्षभरांतील नव्या पुस्तकांची सूची काढण्यास आरंभ केला, आणि ती घरोघर पोहोंचूं लागली. तेव्हांपासून नाताळपूर्वींच्या दिवसांत तेथें इतकीं नवीं पुस्तकें बाहेर पडतात कीं, त्या मोसमास ‘नाताळांतील पुस्तकांचा पूर’ असेंच नांव पडलें आहे. टंचाईंतून निघालेली ही चाल सुबत्तेच्या दिवसांतही टिकली, हें विशेष.

आपल्याकडेही या विषयास जुना आधार आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर वाचनाचें ताट मांडण्याची जी रीत मराठींत पडली ती आजतागायत चालू आहे. तेव्हां मित्रमंडळींनीं दिवाळीच्या सुमारास ‘दिवाळी अंक’ हाच विषय ठरवून अदलाबदल केली, तर बारा जणांच्या घरीं बारा निरनिराळे अंक पोहोंचतील, आणि वाचून झाल्यावर ते पुन्हां मंडळींत फिरवितां येतील. पुस्तक नवेंच असावें असा आग्रह धरूं नये. उलट ‘स्वतः वाचलेलें व आवडलेलें पुस्तक’ असा विषय ठेवावा, आणि पहिल्या कोऱ्या पानावर तें कां आवडलें हें पांच ओळींत लिहावें. त्या पांच ओळी दुकानांत विकत मिळत नाहींत.

विषयानंतर रकमेचा प्रश्न येतो. पुष्कळ ठिकाणीं ‘१०० रुपयांच्या आंत’ असा नियम करतात. पण नुसती वरची मर्यादा घालून भागत नाहीं. एकानें ९९ रुपये खर्चिले व दुसऱ्यानें १० रुपये, तर दोघांनींही नियम पाळला, पण मन मात्र एकाचें दुखलें. म्हणून विकत घ्यावयाचेंच असेल तेथें ‘४० ते ५० रुपये’ अशी अरुंद पट्टी ठरवावी, आणि जेथें वस्तु हातची आहे तेथें रकमेचा उल्लेखच करूं नये. अधिक खर्च करणें हें औदार्य नसून नियमभंग आहे, हें मुलांस आधींच स्पष्ट सांगावें.

या संबंधांत अर्थशास्त्रांतील एक गमतीचें संशोधन सांगण्यासारखें आहे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९९३ सालीं एक लेख प्रसिद्ध केला. त्यानें विद्यार्थ्यांस विचारलें कीं, तुम्हांस मिळालेल्या भेटीची किंमत किती असावी, आणि भावनेचें मोल बाजूस ठेवून तुम्ही स्वतः त्या वस्तूस किती पैसे दिले असते? उत्तरांवरून त्यानें असा अंदाज बांधला कीं, भेटीच्या किंमतीपैकीं एकदशांशापासून एकतृतीयांशापर्यंतचा भाग वायां जातो, कारण देणाऱ्यास घेणाऱ्याची आवड ठाऊक नसते. त्यांतही जवळच्या मित्रांच्या भेटींत हा तोटा कमी आढळला, आणि दूरच्या नातलगांच्या भेटींत अधिक. यावरून दोन बोध घेतां येतील. एक हा कीं, पैसा वाढविण्यापेक्षां ओळख वाढविणें श्रेयस्कर. यासाठीं प्रत्येकानें आपल्या चिठ्ठीवर नांवाखालीं तीन गोष्टी लिहाव्या : आपणांस काय करावयास आवडतें, आपणांपाशीं काय आधींच आहे, आणि आपणांस काय चालत नाहीं. दुसरा बोध असा कीं, भावनेचें मोल त्यानें मुद्दाम बाजूस ठेवलें होतें. आणि मित्रामित्रांच्या भेटींत तर तेंच मुख्य असतें.

आतां चिठ्ठ्यांकडे येऊं. टोपींत बारा चिठ्ठ्या टाकून प्रत्येकानें एक उचलली, तर निदान एका तरी मुलाच्या हातीं स्वतःचेंच नांव येण्याचा संभव किती? पुष्कळांस वाटतें कीं, असें क्वचितच घडेल. प्रत्यक्षांत शंभर वेळां खेळ केला, तर सरासरीनें ६३ वेळां असें घडेल! लहान संख्येवर पडताळा पाहा. तीन मित्र असतील तर चिठ्ठ्या ६ प्रकारांनीं वांटल्या जातील, आणि त्यांपैकीं अवघ्या २ प्रकारांत कोणासही स्वतःचें नांव येणार नाहीं. चार मित्र असतील तर २४ पैकीं ९. पांच असतील तर १२० पैकीं ४४. ही गुणोत्तरें क्रमानें काढली असतां तीं शेंकडा ३७ च्या अगदीं लगत येऊन स्थिरावतात. मग मित्र बारा असोत कीं बाराशें असोत. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस २.७१८२८ ही प्रसिद्ध संख्या भेटेल. एकास त्या संख्येनें भागलें असतां हेंच उत्तर येतें. या प्रश्नाचा विचार फ्रेंच गणिती माँमोर यानें १७०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मांडला.

‘ज्याला स्वतःचें नांव आलें त्यानें चिठ्ठी परत टाकून दुसरी घ्यावी,’ असा तोडगा सामान्यतः काढतात. पण तो पुरा पडत नाहीं. शेवटच्या मुलाच्या वांट्यास जर त्याचेंच नांव उरलें, तर टोपींत दुसरी चिठ्ठी कोठें आहे? मग सर्व खेळ पुन्हां मांडावा लागतो. याहून एक सोपी व बिनचूक रीत आम्ही सांगतों. मंडळींत नसलेल्या एखाद्या वडील माणसानें, शाळेंत असेल तर वर्गशिक्षकानें, सर्व चिठ्ठ्या उलट्या ठेवून चांगल्या मिसळाव्या, आणि मग त्या एका वर्तुळांत मांडाव्या. वर्तुळांत प्रत्येकानें आपल्या पुढच्यास भेट द्यावयाची. प्रत्येकाच्या नांवाच्या लिफाफ्यांत त्याच्या पुढील चिठ्ठी घालून लिफाफा बंद करावा, म्हणजे झालें.

या रीतींत चार लाभ आहेत. कोणासही स्वतःचें नांव येणें शक्यच नाहीं. तिघांहून कमी मंडळी नसतील, तर दोघे एकमेकांचेच भेटकरी होण्याचाही संभव उरत नाहीं, आणि म्हणून परतफेडीचा हिशेब आपोआप तुटतो. तिसरा लाभ असा कीं, ऐन वेळीं एखादा मुलगा आजारी पडला, तर त्यास जो देणार होता त्यानें, आजारी मुलगा ज्यास देणार होता त्यास द्यावें. वर्तुळ लहान होतें, पण तुटत नाहीं. चौथा लाभ समारंभाच्या दिवशीं दिसतो. पहिल्यानें भेट दिली कीं, घेणारा उठून पुढच्यास देतो, तो त्याच्या पुढच्यास. आणि अशी ही माळ फिरत फिरत बरोबर पहिल्यापाशीं येऊन पुरी होते. असें केल्यानें रहस्य लवकर फुटेल अशी शंका कोणी घेऊं नये. बारा जणांचीं अशीं वर्तुळें ३,९९,१६,८०० प्रकारांनीं होऊं शकतात!

अमेरिकेंत या खेळाचा ‘पांढरा हत्ती’ नांवाचा एक प्रकार आहे. त्यांत सर्व पुडकीं मध्यें ठेवतात, आणि क्रमानें प्रत्येकानें नवें पुडकें घ्यावयाचें किंवा दुसऱ्याचें उघडलेलें हिसकावून घ्यावयाचें असतें. प्रौढांच्या थट्टामस्करीस तो प्रकार ठीक आहे. परंतु हातीं आलेली वस्तु काढून घेतली जाणें लहान मुलांस सोसत नाहीं, म्हणून शाळेंत तो नसावा हें बरें.

समारंभाची तयारी पंधरा दिवसांत सहज होते. पहिल्या दिवशीं विषय व नियम जाहीर करावे. तिसऱ्या दिवशीं लिफाफे वांटावे. दहाव्या दिवशीं शिक्षकांनीं प्रत्येकास एकट्यास गांठून ‘कांहीं अडचण नाहीं ना?’ असें हळूच विचारावें. हा प्रश्न सर्वांस विचारावा, एकट्यादुकट्यास नव्हे; नाहीं तर विचारण्यानेंच बोभाटा होतो. शिक्षकांच्या कपाटांत दोनतीन भेटी राखून ठेवलेल्या असाव्या, आणि त्या विषयास धरूनच असाव्या. ज्याची भेट घरीं राहिली, फुटली किंवा झालीच नाहीं, त्यास त्यांतील एक मुकाट्यानें द्यावी. भाग घेण्याची सक्ती मात्र कोणावरही नसावी.

बांधणीसाठीं चकचकीत कागद विकत आणूं नये. वर्तमानपत्र, जुना नकाशा, लुगड्याचा तुकडा यांतही पुडकें सुरेख बांधतां येतें. जपानांत भेटवस्तु चौकोनी कापडांत बांधण्याची कलाच आहे, आणि तें कापड पुन्हां पुन्हां वापरतात. भेटीबरोबर हॉलंडच्या रीतीप्रमाणें चार ओळींची कविता जोडावी. पण तींत व्यंगावर बोट नसावें. ज्या ओळी घेणाऱ्याच्या आईसमोर वाचण्यास संकोच वाटेल, त्या लिहूंच नयेत, ही सोपी खूण आहे. आपल्याकडे देणाऱ्यासमक्ष पुडकें न उघडतां बाजूस ठेवणें हा शिष्टाचार आहे. या खेळांत मात्र सर्वांसमोर उघडावयाचें असतें, हें आधीं सांगून ठेवावें. घेणाऱ्यानें वस्तु हातीं घेऊन तिजविषयीं एक तरी खरें व चांगलें वाक्य बोलावें. घरीं गेल्यावर चार ओळींचें आभारपत्र लिहावें.

शेवटीं पालकांस दोन शब्द. आपलें मूल मागें पडूं नये, या मायेनें कित्येक आया मुलाच्या हातच्या भेटींत गुपचूप एखादी विकतची वस्तु घालून देतात. हेतु चांगला, पण परिणाम असा कीं, ज्यानें नियम पाळला तोच उघडा पडतो. कृपा करून हा मोह आवरावा. आणि दुसरें असें कीं, समारंभाहून मूल घरीं येऊन म्हणेल, “आई, मीं एवढी चांगली पिशवी शिवून दिली, आणि मला काय, तर पुठ्ठ्याची खूण!” या क्षणीं घरांतून जें उत्तर मिळेल, तेंच मुलाच्या मनांत राहील, आमचे सर्व नियम त्यापुढें फिके आहेत. “बघूं कुणी दिली ती?” असें किंमत पाहणारें उत्तरही देतां येतें, आणि “ये इकडे, ही चिकटवायला किती वेळ लागला असेल, बघ बरें, आजच्या धड्यांत घाल ती,” असेंही देतां येतें. पुठ्ठ्याची ती खूण रात्रीं पुस्तकांत गेली, कीं समारंभ खऱ्या अर्थानें पार पडला असें समजावें.